पॅड नवे, डिस्क जुनीच?

मा. संपादक,
घाटात माल वाहणाऱ्या पिकअपचे ब्रेक पॅड बदलताना झिजलेली डिस्क, म्हणजे पॅड जिला दाबतात ती चाकासोबत फिरणारी चकती, तशीच ठेवणे धोक्याचे. डिस्कवर बहुधा किमान जाडी कोरलेली असते; मायक्रोमीटरने मोजा. त्याखाली गेलेली डिस्क लेथवर घासून उपयोग नाही, ती बदलायचीच, आणि पुढच्या दोन्ही चाकांची. हबवरचा (डिस्क बसते त्या चाकाच्या मधल्या भागावरचा) गंज तारेच्या ब्रशने काढला नाही तर नवी डिस्कही किंचित वाकडी फिरते, पुढे पेडल थरथरते. शिव्या मात्र पार्टला! नव्या पॅडसाठी पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकलताना तेल टाकीत परत चढते, म्हणून त्याआधी ब्रेक ऑइलची टाकी बघा, तेल उतू गेले तर रंग खाते. ग्रीस फक्त कॅलिपरच्या (पॅड धरणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिनांना, तेही उष्णता सोसणारे. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा.

– एक मेकॅनिक, नाशिक