यात्रेला कोण कोण निघते?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील पवित्र भूमीवरचा लेख वाचला. बेथलेहेम, नासरेथ, यार्देन नदी यांची माहिती नेटकी आहे. पण ख्रिस्ती माणसाने आयुष्यात एकदा तरी तिकडे जाऊन यावे, हीच बायबलमधली यात्रा, हा लेखाचा सूर पटला नाही. अशी आज्ञा नव्या करारात कुठेही नाही. उलट, उपासना आमच्या डोंगरावर करायची की यरुशलेमेत, असा वाद शोमरोनी (यहुद्यांहून वेगळ्या पंथाच्या) बाईने काढला तेव्हा येशूने दोन्ही जागांचा हट्ट मोडीत काढला (योहान, अध्याय 4).

आज्ञा आहे ती जुन्या करारात, इस्राएल लोकांना. वल्हांडण, सप्ताहांचा सण आणि मांडवांचा सण, असे वर्षातून तीनदा पुरुषांनी परमेश्वरासमोर हजर व्हायचे, तेही रिकाम्या हाताने नाही. एवढेच वचन सगळे सांगतात. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या त्याच 16व्या अध्यायात थोडे वर पाहिले, तर सणाच्या आनंदात कोण कोण हवे याची यादीच दिली आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी (उपासनेची सेवा करणाऱ्या वंशातला), उपरा, अनाथ, विधवा. वाट फार लांबची असेल तर दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा देवासाठीचा दहावा भाग, विकून पैसे गाठीला बांधावेत, तिथे पोचल्यावर बैल, मेंढरे, द्राक्षारस, हवे ते घेऊन घरच्यांसह खावे, असेही 14व्या अध्यायात आहे. इतका व्यवहारी धर्मग्रंथ!

आज्ञा पुरुषांना असली तरी बायका घरी बसत नसत. हन्ना दरवर्षी नवऱ्याबरोबर शिलोच्या उपासनास्थळी जाई आणि तिथे सेवेला ठेवलेल्या आपल्या मुलासाठी, शमुवेलासाठी, लहानसा झगा शिवून नेई. बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहिला, तरी आईबापांना दिवसभराची वाट चालेपर्यंत शंका आली नाही. पोरगा नातलगांत, ओळखीपाळखीच्यांत असेलच, असे त्यांनी धरले. दिंडीत पोरे कुणाच्याही पंगतीला बसतात, तसेच हे.

आणि हे सारे सोडून नुसती यात्रा करणाऱ्यांना आमोस संदेष्ट्याने काय सुनावले? बेथेलला जाऊ नका, गिलगालला जाऊ नका. ही तेव्हाची यात्रेची ठिकाणे. कारण हीच माणसे गावच्या वेशीत, जिथे न्यायनिवाडा होई तिथेच, गरिबाचा न्याय बुडवत होती.

माझ्या माहितीतल्या एका चर्चच्या मंडळीतून पवित्र भूमीची अशी सहल गेली. पत्रकावर ‘वर्षातून तीनदा’ हे वचन ठळक अक्षरांत होते. गेले ते पेन्शनवाले आणि ज्यांची मुले परदेशी आहेत ते. चर्चची झाडलोट करणाऱ्या विधवा बाई गाडी सुटेपर्यंत त्यांचे डबे भरून देत होत्या. त्यांना विचारलेही नव्हते. लाखाच्या वर खर्च, विचारून काय उपयोग, असे संयोजकांचे म्हणणे.

सहली काढणाऱ्यांना माझी सूचना आहे. प्रत्येक गटात अशांसाठी एक-दोन जागा सर्वांच्या वर्गणीतून ठेवाव्यात. ते जमत नसेल, तर खुशाल जावे, फोटो काढावेत, पण पत्रकावर अनुवादातले वचन छापू नये.

— एक वाचक, अहिल्यानगर