टाचेच्या चाचणीचा अहवाल पाचवीच्या आत हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

स्तनपान सप्ताहानिमित्त आपल्या अंकात आलेले लेख वाचले. प्रसूतिकक्षात परिचारिका म्हणून आयुष्य गेल्यामुळे आईच्या दुधाचे महत्त्व मला कोणी पटवून द्यायला नको. मात्र ज्या मोजक्या बाळांना तेच दूध बाधते, त्यांच्याविषयी कुठेच काही आढळले नाही, म्हणून हे पत्र.

गॅलॅक्टोसेमिया हा तो आनुवंशिक विकार. दुधातील लॅक्टोजपासून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज अशा दोन शर्करा तयार होतात. त्यांपैकी गॅलॅक्टोज पचनी पाडणारे विकर (एन्झाइम) या बाळांत जवळजवळ नसतेच, त्यामुळे ती साचून यकृत, मेंदू आणि डोळ्यांतील भिंग यांना इजा होते. जन्मतः बाळ ठणठणीत दिसते, आणि अंगावर पिऊ लागल्यावर काही दिवसांतच उलट्या, वाढती कावीळ व सुस्ती सुरू होते. बाळ ओढत नाही म्हणून घरची मंडळी दूध अधिकच पाजू पाहतात.

असेच एक बाळ आमच्याकडे होते. लघवीत बुडवलेली ग्लुकोजची पट्टी कोरी आली, म्हणून साखर नाही असे सर्वांनी धरून चालले होते. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी मात्र बेनेडिक्टच्या द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून परीक्षानळी तापवली, आणि निळे द्रावण विटकरी झाले. पट्टी फक्त ग्लुकोज ओळखते. हे जुने द्रावण गॅलॅक्टोजही दाखवते. दूध तत्काळ बंद करून सोयाबीनची पावडर सुरू केली आणि बाळ सावरले. अर्थात, दूध आधीच थांबवून सलाइनवर ठेवलेल्या बाळात हीच चाचणी फसवू शकते. निदान पक्के होते ते रक्तातील विकर मोजून, आणि तो नमुना बाळाला रक्त चढवण्यापूर्वीच घ्यावा लागतो, नाहीतर रक्तदात्याचे विकर मोजले जाते.

गोव्याने २००८ मध्ये सरकारी रुग्णालयांतील नवजातांची अशा विकारांसाठी तपासणी सुरू केली होती. टाचेच्या कडेला टोचून काढलेले रक्ताचे चार-पाच थेंब जाड शोषकागदावर घ्यायचे, ते उन्हात न ठेवता सावलीत वाळवायचे, एवढेच काम असते. महाराष्ट्रातील प्रत्येक प्रसूतिगृहात ते घरी सोडण्यापूर्वी व्हावे आणि अहवाल पाचवी पुजण्याच्या आत हाती यावा. पंधरा दिवसांनी आलेला कागद या विकारात फारसा उपयोगाचा नाही.

आणखी एक. यात दोष सुनेच्या दुधाचा नसतो. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच हा विकार होतो, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात त्याची शक्यता चारात एक असते. मामेबहिणीशी लग्न लावणाऱ्या घरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

दुधाचे पथ्य जन्मभराचे असते आणि ते पाळूनही काही मुले उशिरा बोलतात, हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे. त्या बाळाच्या केसपेपरवर आम्ही लाल शाईने ‘दूध बंद’ लिहिले होते, तरी दुसऱ्या पाळीत कोणीतरी वाटी-चमचा घेऊन आलेच. तेव्हापासून मी ती सूचना पाळण्यालाही बांधत असे.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, सातारा