जुना लॅपटॉप भंगारात घालण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कळव्याला राहते. नोकरीची सगळी वर्षं टाइप करण्यात गेली आणि निवृत्तीनंतरही सोसायट्यांची इतिवृत्तं, भाडेकरार, अर्ज असं काम घरी येत असतं. ते सगळं २०१५ साली घेतलेल्या एका लॅपटॉपवर चालतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट थांबली. नोंदणी करून वर्षभर पुढे ढकलता येतं, पण त्यानंतर काय, हा प्रश्न होताच. म्हणून ठाण्याला स्टेशनजवळच्या एका दुकानात लॅपटॉप घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, यावर विंडोज अकरा चढणार नाही. बाराशे देतो, नवा घेऊन टाका."

अकरा चढणार नाही हे त्याचं म्हणणं खरं होतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा लागतो. माझा पाचव्या पिढीतला. पण स्क्रीन स्वच्छ, कीबोर्डचं एकही बटण अडत नाही, असं यंत्र बाराशेला देऊन टाकायला माझा हात होईना. तशीच परत आले.

डोंबिवलीचा माझा भाचा एका रविवारी पेनड्राइव्ह घेऊन आला. त्याने हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, घातली, जुनं सगळं जसंच्या तसं तिच्यावर उतरवलं आणि उरलेल्या जागेत लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बसवली. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी यंत्रणा, आणि मिंट हा तिचा एक प्रकार. ही हलकी असते, चार जीबी रॅमवर निभावते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पैसे गेले ते फक्त एसएसडीचे.

बसवून झाल्यावर वायफायच दिसेना. इथेच बहुतेक लोक "लिनक्स आपल्याला नको" म्हणून सोडून देत असतील. कारण साधं आहे. काही वायफाय चिपांचा ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा छोटा प्रोग्राम, सगळ्यांसाठी खुला नसतो, तो वेगळा उतरवून घ्यावा लागतो, आणि उतरवायचा तर इंटरनेट हवं. मग फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडला, फोनचं इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला देणारं यूएसबी टेदरिंग चालू केलं, मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर उघडला. यादीत वायफायचा ड्रायव्हर होता. त्यावर टिचकी मारली, लॅपटॉप बंद करून परत चालू केला, तर आमच्या मजल्यावरची सगळी वायफाय नावं समोर.

दुसऱ्या दिवशी वेगळंच. जुन्या फायलींसाठी मी विंडोजही ठेवलं आहे, त्याला इंटरनेट मात्र लावत नाही. दुपारी तीनला ते उघडलं तर घड्याळात सकाळचे साडेनऊ. मला वाटलं आतला सेल गेला. भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, किती तासांचा फरक आहे ते मोज." बरोबर साडेपाच तास! लिनक्स यंत्राच्या आतल्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच आपली वेळ समजून दाखवतं, आणि भारताची वेळ साडेपाच तास पुढे. एका ओळीची कमांड दिली आणि दोघांचं जमलं. सेल बदलायला दुकानात नेलं असतं तर पैसे जाऊन घड्याळ तसंच चुकत राहिलं असतं.

माझा जीव अडकला होता तो मराठीत. माझी बोटं रेमिंग्टन कीबोर्डच्या मांडणीची, टाइपरायटरवर बसलेली. या वयात इनस्क्रिप्ट ही दुसरी मांडणी नव्याने शिकायची म्हणजे कामाचा वेग निम्म्यावर येणार. आयबस हा वेगवेगळ्या भाषांत टाइप करू देणारा प्रोग्राम आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज घातल्यावर यादी उघडली, तर त्यात इनस्क्रिप्ट, फोनेटिक, गमभन आणि माझं रेमिंग्टनही. फुकट. पहिला परिच्छेद टाइप करताना बोटं आपोआप जागेवर गेली, तेव्हा काय वाटलं ते टंकलेखन केलेल्यांनाच कळेल. तरी 'ल' आणि 'श' डोळ्याला खटकत होते. हिंदी पुस्तकातल्यासारखं त्यांचं वळण. लिब्रेऑफिस या वर्डसारख्या फुकट प्रोग्रामच्या भाषेच्या सेटिंगमध्ये हिंदी होतं, तिथे मराठी निवडलं आणि लोहित फॉन्टमध्ये दोन्ही अक्षरं आपल्या वळणाची झाली.

जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या माझ्या मराठी फायली मात्र लिनक्समध्ये उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसतो. दोष लिनक्सचा नाही. त्या जुन्या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असत, फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, 'क' चा ०९१५, तो कुठल्याही यंत्रावर 'क'च. रोज पाच-सहा फायली मी युनिकोडमध्ये आणते आहे. अजून बऱ्याच बाकी आहेत. आजही कार्यालयांतून अर्जांचे नमुने जुन्या फॉन्टमध्ये येतात, ते कृपा करून बंद व्हावं.

ज्यांचं काम टॅलीवर चालतं त्यांना मी हे करा म्हणणार नाही, टॅली विंडोजसाठीच बनतं. बाकीच्यांनी काहीही बदलण्याआधी मिंटमधल्या टाइमशिफ्टने एक स्नॅपशॉट, म्हणजे यंत्रणेच्या आत्ताच्या स्थितीची नोंद, घेऊन ठेवावा. मी एकदा नको ते पॅकेज काढून टाकलं आणि सगळा डेस्कटॉपच गेला. टाइमशिफ्टने कालच्या स्थितीत आणलं. तेव्हापासून हात लावायची भीती वाटत नाही.

हे सगळं मला जमलं, कारण शेजारी बसून मराठीत सांगणारा भाचा होता. आमच्याच इमारतीत तीन घरांत असे लॅपटॉप कपाटावर पडून आहेत आणि त्यांच्याकडे असा कोणी नाही. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, ठाणे आणि नवी मुंबईत गावोगावी वाचनालयं आहेत. त्यांनी रविवारी सकाळी एक टेबल, दोन खुर्च्या आणि विजेचा एक बोर्ड द्यावा, ज्याला येतं त्याने ज्याला येत नाही त्याच्याशेजारी बसावं. कॉलेजची मुलं ड्रायव्हरचं बघतील. मराठी टायपिंगसाठी मी येईन, कळव्याहून ठाणे एकच स्टेशन आहे. आपल्या वृत्तपत्राने वाचनालयांच्या कार्यकारिणींपर्यंत एवढं पोचवावं, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त टंकलेखिका, कळवा (ठाणे)