पटकथा मागवताना पीडीएफसोबत युनिकोड मजकूरही घ्यावा

माननीय संपादक महोदय,

नोव्हेंबरमधील इफ्फी (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) जवळ येऊ लागला की गोव्यातील लिहिणाऱ्या मंडळींत अर्धवट पटकथा पूर्ण करण्याची, निर्मात्यांना दाखवण्याची आणि निरनिराळ्या योजना, कार्यशाळा व स्पर्धा यांच्याकडे पाठवण्याची लगबग सुरू होते. मराठी किंवा कोकणी पटकथा एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना तिच्यातील देवनागरी मजकुराचे काय होते, याकडे मात्र या लगबगीत लिहिणारा आणि मागवणारा असे दोघेही दुर्लक्ष करतात. त्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

पटकथेच्या फाइलमध्ये नुसता मजकूर नसतो. कोणती ओळ सीन हेडिंग (दृश्याचे स्थळ-काळ सांगणारे शीर्षक), कोणती वर्णन, कोणती पात्राचे नाव आणि कोणती संवाद, याचीही नोंद तिच्यात असते. 'फायनल ड्राफ्ट' या पटकथालेखनाच्या सॉफ्टवेअरने २००९ च्या सुमारास आठव्या आवृत्तीपासून आणलेली एफडीएक्स फाइल ही एक्सएमएल पद्धतीची असल्याने प्रत्येक परिच्छेदाचा प्रकार तिच्यात शब्दांत लिहिलेला असतो आणि ती साध्या नोटपॅडमध्येही उघडून वाचता येते. 'सेल्टेक्स' या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरची संगणकावर चालणारी मोफत आवृत्ती आता बंद झाली असली, तरी तिची जुनी फाइल म्हणजे प्रत्यक्षात एक झिप पुडके असते. नावाचा शेवट .zip असा बदलून ते उघडले की आत एचटीएमएल (वेबपानाच्या) रूपात पटकथा सापडते. तेव्हा तशी जुनी फाइल कोणाकडे असेल, तर ती वाया गेली असे समजू नये.

खरी गुंतागुंत सुरू होते ती 'फाउंटन'पाशी. पटकथाकार जॉन ऑगस्ट, स्टू माश्विट्झ आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ मध्ये पुढे आणलेली ही पटकथा लिहिण्याची पद्धत मला व्यक्तिशः सर्वांत आवडते, कारण तिची फाइल म्हणजे निव्वळ मजकूर असतो आणि कोणतेही सॉफ्टवेअर बंद पडले तरी तो वाचता येतो. परंतु ओळींचे प्रकार तिच्यात नोंदलेले नसतात. ते प्रोग्रामला ओळखावे लागतात, आणि पात्राचे नाव ओळखण्याची मुख्य खूण म्हणजे कॅपिटल अक्षरांतील ओळ. देवनागरीत कॅपिटल अक्षरे नाहीतच. त्यामुळे एखादा प्रोग्राम पात्राचे नाव आणि त्याखालचा संवाद हे दोन्ही वर्णनात ढकलतो. उलट 'ओळीत लहान अक्षर नाही ना' एवढेच तपासणारा प्रोग्राम 'पाऊस पडतो आहे' हेच एक पात्र आहे असे ठरवून पुढची ओळ त्या पावसाच्या तोंडी घालू शकतो. रोमी, म्हणजे रोमन लिपीत कोकणी लिहिणाऱ्या आपल्या मित्रांना हा त्रास होत नाही. (लिपीच्या वादात शिरण्याचा माझा मुळीच हेतू नाही, संगणकाची रचना तशी आहे, इतकेच.) यावर उपाय फाउंटनमध्येच दिलेला आहे: पात्राच्या नावाआधी @ हे चिन्ह आणि सीन हेडिंगच्या आरंभी एक टिंब दिले की प्रोग्रामला अंदाज बांधावा लागत नाही. मराठीत लिहिणाऱ्याने ही चिन्हे पहिल्या पानापासूनच वापरावीत.

पीडीएफमधून पटकथा परत मिळवण्याचा प्रयत्न तर बहुतेक वेळा हताश करणारा ठरतो. पीडीएफमध्ये अक्षरे दिसण्याच्या क्रमाने मांडलेली असतात आणि ऱ्हस्व वेलांटी दिसते व्यंजनाच्या आधी; त्यामुळे मजकूर कॉपी केला की वेलांटी भलत्याच ठिकाणी जाऊन बसते, जोडाक्षरे तुटतात आणि 'वाऱ्यावर'चे 'वार्यावर' होते. पीडीएफ ही वाचण्यासाठी आणि छापण्यासाठी उत्तम आहे, पण काम पुढे चालवण्यासाठी ती नाही.

जुन्या, युनिकोडपूर्व (म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी युनिकोड पद्धत रुळण्याआधीच्या) फॉण्टमध्ये टंकित केलेल्या संहितांबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. आपल्याकडे डीटीपी केंद्रांतून करून घेतलेल्या नाटकांच्या आणि पटकथांच्या अनेक प्रती अशाच फॉण्टमध्ये आहेत. त्यांत पडद्यावर देवनागरी दिसत असली, तरी आत साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे, आणि लहान व कॅपिटल अक्षरांमागे वेगवेगळी देवनागरी अक्षरे दडलेली असतात. असा मजकूर तसाच पटकथेच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला आणि पात्रांची नावे आपोआप कॅपिटल करण्याची तेथील सोय चालू असली, तर प्रत्येक नावाचा चुथडा होतो. म्हणून आधी त्या त्या फॉण्टच्या परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा, तो डोळ्यांखालून घालावा आणि मगच पटकथेच्या साच्यात बसवावा. हा क्रम उलटा केल्यास तेच काम दोनदा करावे लागते.

पृष्ठसंख्येचा प्रश्नही यातूनच उद्भवतो. एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट हा आडाखा बारा पॉइंट कुरियर फॉण्टवर बेतलेला आहे. कुरियरमध्ये देवनागरी अक्षरे नसल्याने विंडोजचा संगणक तेथे मंगल किंवा निर्मला घेतो आणि मॅक वेगळाच फॉण्ट निवडतो. ओळींची उंची बदलते आणि तीच पटकथा एका यंत्रावर कमी, तर दुसऱ्यावर जास्त पाने भरते. स्पर्धेला पानांची मर्यादा असेल, तर हा फरक किरकोळ राहत नाही.

रूपांतर नीट झाले की नाही हे पाहण्यासाठी सर्व पाने चाळण्याआधी सॉफ्टवेअरमधील पात्रांची यादी काढावी. तिच्यात एखादे वाक्य पात्र म्हणून आलेले असेल, किंवा एकच नाव दोन प्रकारे लिहिलेले दिसले, तर दोष कोठे आहे ते लगेच कळते. सुधारित मजकुराच्या खुणा, म्हणजे कोणत्या ओळी नंतर बदलल्या हे दाखवणारी चिन्हे, मात्र फाउंटनमध्ये जातच नाहीत. त्यामुळे चित्रीकरणाच्या तोंडावर असलेली मूळ फाइल कधीही पुसू नये.

गोव्यात पटकथा मागवणाऱ्या शासकीय आणि खासगी आयोजकांना माझी विनंती एवढीच की, त्यांच्या जाहिरातींत बहुधा केवळ पीडीएफचा उल्लेख असतो, त्याऐवजी पीडीएफ आणि तिच्यासोबत युनिकोडमधील साधा मजकूर अशा दोन फाइली मागवाव्यात; पानांची मर्यादा घालायची असल्यास देवनागरीसाठी कोणता फॉण्ट किती पॉइंटमध्ये वापरायचा, हेही नमूद करावे. कोणत्याही एका विकतच्या सॉफ्टवेअरची फाइल सक्तीची करू नये. एखाद्या परीक्षकाच्या संगणकावर अक्षरांऐवजी चौकोन दिसू लागले, तर त्या साध्या मजकुरावरून पटकथा वाचता येईल आणि लेखकाला बाद करण्याची वेळ येणार नाही.

आपला विश्वासू,
एक पटकथालेखक, फोंडा