लोकगीताची साथ बदलावी, गळा नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे लोकगीतांचे नवे अल्बम बहुधा एकाच साच्यातून निघतात: तयार ठेका, सिंथेसायझर आणि त्यावर सुगम संगीतात मुरलेला, पदोपदी हरकती घेणारा गळा. या सवयीच्या नेमका उलट जाणारा एक जुना इंग्रजी अल्बम अलीकडे ऐकण्यात आला आणि गोमंतकीय रसिकांनी तो मुद्दाम ऐकावा असे वाटले, म्हणून हे पत्र.

ससेक्सच्या गायिका शर्ली कॉलिन्स आणि गिटारवादक डेव्ही ग्रॅहम यांचा ‘फोक रूट्स, न्यू रूट्स’ हा अल्बम डेक्का कंपनीने 1964 साली काढला. कॉलिन्सबाई 1959 मध्ये अ‍ॅलन लोमॅक्स या संग्राहकाबरोबर अमेरिकेच्या दक्षिण भागात फिरून लोकगीतांच्या ध्वनिमुद्रणात सहभागी झाल्या होत्या. त्यांचा स्वर सरळ आहे, शब्द स्वच्छ आहेत आणि भावना ओतण्याचा आव कुठेही नाही. ग्रॅहमच्या बोटांत मात्र जॅझ, ब्लूज आणि मोरोक्कोत ऐकलेले अरबी संगीत होते. तिथल्या ऊद या अरबी तंतुवाद्याच्या वादकांबरोबर वाजवता यावे म्हणून त्याने गिटारच्या तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावल्या, आणि ही पद्धत पुढे ब्रिटिश व आयरिश लोकसंगीतात सर्वदूर पसरली. डी हा षड्ज मानला तर या सहा तारांवर षड्ज, मध्यम आणि पंचम एवढेच स्वर येतात. पाश्चात्त्य संगीतातले मेजर आणि मायनर हे भेद गांधारावरून ठरतात; तोच नसल्यामुळे चालीवर त्यांचा शिक्का बसत नाही, आणि तंबोऱ्याला सरावलेल्या आपल्या कानाला तो नाद परका वाटत नाही.

‘नॉटामुन टाउन’ या गूढ गीतात गिटार पूर्वेकडची वळणे घेत राहते, पण गाणारी जराही विचलित होत नाही. पहिल्यांदा ऐकताना दोघे शेजारच्या दोन खोल्यांत बसल्यासारखे वाटतात, हे मान्य. ग्रॅहमचे एकल तुकडे तर मला काहीसे उपरेच वाटले. तरीही चाल आणि शब्द यांना धक्का न लावता साथीत किती धाडस करता येते, हे येथे लख्ख ऐकू येते.

आपले धालो, म्हणजे बायकांची नृत्यगीते, पौषातल्या रात्री मांडावर (त्यासाठी ठरलेल्या पवित्र जागेवर), समोरासमोरच्या दोन रांगांत, वाद्याविना गायिले जातात. त्यांच्याखाली कीबोर्डचे ठरावीक कॉर्ड घातले की चालीतली मोकळीक संपते. त्याऐवजी एकट्या घुमटाची, म्हणजे एका तोंडावर कातडे ताणलेल्या मातीच्या तालवाद्याची, साथ घेऊन का पाहू नये? 2019 मध्ये गोव्याचे वारसा वाद्य ठरलेल्या घुमटाने घोरपडीच्या कातड्याऐवजी बकऱ्याचे कातडे स्वीकारले आहे. म्हणजे बदलाचे त्याला वावडे नाही. घुमटाबरोबर नेहमी वाजणारे समेळ (काठ्यांनी वाजवायचा ढोल) आणि कांसाळे (झांज) बाजूला ठेवून, घुमटाचे लहान तोंड तळहाताने झाकत-उघडत मिळणारा तो खोल, हलता नाद संथ गाण्याखाली कसा लागेल, हे ऐकण्याची मला फार उत्सुकता आहे.

मांडावरचे गाणे मांडाबाहेर नेऊ नये, असे काहींचे म्हणणे असते. तो निर्णय त्या गाणाऱ्या बायांचा आहे. आपल्या ध्वनिमुद्रकांनी आधी त्यांना विचारावे, संमती मिळाल्यास त्यांचेच आवाज साथीशिवाय मुद्रित करावेत, साथीचा विचार त्यानंतर करावा आणि मुखपृष्ठावर संगीत संयोजकाच्या आधी त्या गायिकांची व त्यांच्या गावाची नावे छापावीत.

आपला,
एक नियमित वाचक, फोंडा