नव्या हार्ड डिस्कला एनटीएफएसच करा, बाबा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, नवी हार्ड डिस्क आली हे ऐकून बरं वाटलं. फॉरमॅट, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत, कोणतं निवडायचं ते फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. फॅट ३२, एक्सफॅट आणि एनटीएफएस यांपैकी एनटीएफएस निवडा.

फॅट ३२ कुठेही चालतं, पण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जातच नाही. दादाच्या लग्नाच्या व्हिडिओची एकेक फाइल त्याहून मोठी आहे. डिस्क रिकामी असली तरी ती चढणार नाही. एक्सफॅटला ही अडचण नाही, विंडोज आणि मॅक दोन्हींवर लिहिता-वाचता येतं, म्हणून इकडे पुण्यात बहुतेक जण तेच घेतात. पण आपल्या गावात लाईनचा काय भरवसा? कॉम्प्युटरला बॅटरीही नाही. कॉपी सुरू असताना लाईन गेली, तर एक्सफॅटमध्ये कोणती फाइल कुठे ठेवली याचा हिशेबच बिघडू शकतो. मग कधी कधी अख्खी डिस्कच उघडत नाही. एनटीएफएस त्या हिशेबात काय बदल करायचा ते आधी नोंदून ठेवतं, मग बदल करतं. वेचणीच्या दिवशी तुम्ही कापूस मोजून आधी वहीत मांडता, मग मजुरी देता, तसंच. लाईन आली की ती नोंद पाहून ते हिशेब जुळवून घेतं. त्या वेळी जात असलेली फाइल मात्र अर्धवट राहील, ती पुन्हा टाका.

दादाच्या मॅकवर या डिस्कमधलं नुसतं पाहता येईल, त्यात काही टाकता येणार नाही. टाकणार तुम्हीच, त्यामुळे चालेल. टीव्हीवर दिसते का ते लावून बघा. नाही दिसली, तर आईच्या खंजिरी भजनांसाठी जुना पेनड्राइव्ह आहेच.

फॉरमॅट करताना नवी डिस्कच निवडली आहे ना, हे नाव आणि आकार पाहून दोनदा तपासा, कारण निवडाल तिच्यावरचं सगळं पुसलं जाईल. डिस्क काढताना आधी कॉम्प्युटरवर 'इजेक्ट' निवडा, मगच वायर ओढा.

आणि एक विनंती. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग नव्या डिस्कवर घेतलं तरी कॉम्प्युटरवरून काढू नका. डिस्क हातातून पडली तर कोणतंही फॉरमॅट तिला वाचवत नाही, आणि आजीचा आवाज आपल्याकडे तेवढाच आहे. दिवाळीला येताना मी दुसरी डिस्क आणते, तिच्यावरही एक प्रत करू.

तुमची लेक