स्क्रीनचं नंतर बघू, आधी जमीन बघा

माननीय संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या गोल्फ सिम्युलेटरवर (बॉल समोरच्या स्क्रीनवर मारायचा, पुढं तो कुठं जातो ते कॉम्प्युटर दाखवतो) लेख आला होता. वाचला, चांगला होता, पण प्रोजेक्टर किती लुमेनचा, स्क्रीनचं कापड कसलं, कॉम्प्युटरला ग्राफिक कार्ड कुठलं हे सगळं आलं आणि ज्याच्यावर उभं राहून मारायचं त्या जमिनीबद्दल एकच ओळ, "चांगली मॅट टाकून घ्यावी". टाकून घ्यायला ती काय सतरंजी आहे का? खरा घोळ तिथंच होतो म्हणून हे पत्र लिहितोय.

मी स्वतः टॉवेलच्या धंद्यातला, गोल्फचा नाद धाकट्या भावाला. पुण्यात नोकरीला होता तेव्हा लागला, आता घरूनच काम करतो आणि सोलापूरहून पुणे अडीचशे किलोमीटर, बॉल मारायला दर रविवारी कोण जाणार. घरामागं आमची जुनी मागाची शेड रिकामीच पडली होती, माग सगळे अक्कलकोट रोडला एमआयडीसीत गेले. उंची दहा फुटाच्या वर, ड्रायव्हर (गोल्फची सगळ्यात लांब काठी) पूर्ण फिरवला तरी वर कुठं लागत नाही, मग तिथंच बसवायचं ठरलं. आपल्या पूर्व भागात अशा शेडा बऱ्याच आहेत, त्यामुळं हा विषय अगदीच बंगलेवाल्यांचा आहे असं मला वाटत नाही.

तर पहिली गोष्ट ढाळ. आपल्याकडं फरशी शहाबादी असो नाहीतर नवीन टाईल, गवंडी मोरीकडं थोडा ढाळ देतोच, धुतलेलं पाणी गेलं पाहिजे ना. गच्चीवर खोली काढली असेल तर मीटरला सेंटीमीटरभर सहज धरा. चालताना पायाला काही कळत नाही पण पटरनं (बॉल जमिनीवरून घरंगळत भोकाकडं न्यायची काठी) हळूच ढकललेला बॉल बरोबर मोरी शोधत जातो. बॉलचं वजन जास्तीत जास्त 46 ग्रॅमच्या आत, त्याला निमित्तच पाहिजे असतं. आमच्याकडं वर आणि मागाचे कापलेले बोल्ट आणि वर्षानुवर्षांचं मुरलेलं ऑइल. गवंड्याला बोलावून पाण्याची लेव्हल नळी चारी कोपऱ्यांना लावली, सखल बाजूला सिमेंटचा पातळ थर मारतो म्हणाला पण ऑइलवर तो थर धरत नाही, पापुद्रे निघतात, म्हणून सुताराकडून खाली पट्ट्या देऊन पॅकिंग करून वर 18 मिलीचं प्लाय मारून घेतलं. प्लाय मारल्यावर त्यावर चालून बघा, कुठं पोकळ वाजलं तर तिथं अजून एक पट्टी, कारण पोकळ जागेवर पाय दबला की स्विंग हलतो.

आता बॉल मारायची मॅट. एक फिटर बघायला आला होता, कुठला ते सांगत नाही, म्हणे डायरेक्ट फरशीवर चिकटवून देतो, अर्ध्या दिवसाचं काम. त्याला चहा पाजून परत पाठवला. खाली फरशी आणि वर पातळ कडक मॅट असेल तर आयर्नचा (लोखंडी पात्याच्या काठीचा) प्रत्येक फटका मनगटात आणि कोपरात येतो. सचिनला झाला होता तो टेनिस एल्बो, दुखणं कोपराच्या बाहेरच्या अंगाला, गोल्फवाल्यांचं आतल्या अंगाला, पण औषध दोन्हीला तेच, महिनोन्महिने गप्प बसणं. दुसरं म्हणजे कडक मॅट खोटं बोलते. मैदानात क्लब (म्हणजे काठी) बॉलच्या दोन इंच आधी जमिनीत गेला तर मातीत रुततो आणि बॉल पुढं जातच नाही, कडक मॅटवर तोच क्लब घसरून, उसळून बॉलला लागतो आणि स्क्रीनवर झकास शॉट दिसतो. भावाला घरी सगळं सोनं वाटायचं आणि पुण्यात मैदानावर गेला की माती. म्हणून जिथं बॉल ठेवायचा तेवढी पट्टी वेगळी आणि गादीदार घ्यायची, दाबली की दबली पाहिजे आणि क्लबला पुढं वाट दिली पाहिजे. ती आधी झिजते, तर फक्त तेवढी बदलता येईल अशी बसवा, सगळी पाच बाय पाचची मॅट उचलून टाकायला लागू नये.

आणि ह्यातच लेव्हलचा मोठा घोटाळा आहे. मॅट असते 40 मिलीच्या आसपास जाड आणि लोक ती नुसती मधे ठेवून देतात, बाजूला सगळी उघडी फरशी, म्हणजे मॅटभर एक पायरीच झाली. त्यावरून पटिंग केलं की बॉल काठावरून खाली उडी मारतो, रात्री अंधारात माणूसही मारतो. उलटं करायचं, बाकीची जमीन मॅटच्या बरोबरीला आणायची. आमचा हिशोब असा बसला, 18 मिली प्लाय सगळीकडं आहेच, मॅटच्या जागेपुरतं ते कापून काढलं आणि खाली फक्त पॅकिंग ठेवलं, मग बाकी ठिकाणी प्लायवर 12 मिलीचा दाट रबर आणि त्यावर 10 मिलीचा पटिंग टर्फ (नकली गवत), झालं 40. तुमच्या मॅटची जाडी वेगळी असेल तर रबर कमी-जास्त करा पण आधी मॅट हातात येऊ द्या, मग प्लाय कापा. उभं राहायची जागा आणि बॉलची जागाही एकाच पातळीत पाहिजे, पाय खाली आणि बॉल वर असला की सारखं टेकडीवर उभं राहून मारल्यासारखं होतं. आणि शेजारी ठेवायचा लाँच मॉनिटर (बॉलचा वेग आणि दिशा मोजणारं मशीन) कॅमेरावाला असेल तर तोही बॉलच्याच पातळीवर, तो खाली फरशीवर राहिला तर आकडे चुकीचे देतो आणि शिव्या कंपनी खाते. रडारवाला असेल तर तो मागं सहा-आठ फुटांवर बसतो, त्याची पातळीही मॅटच्या हिशोबानं. घरात कुणी डावखुरा असेल (आमच्याकडं भाचा आहे) तर शेजारचं मशीन दुसऱ्या बाजूला न्यायला लागतं, तिथंही तेवढीच सपाट जागा आधीच करून ठेवा.

पटिंगचा भाग मला जास्त आवडला कारण तिथं आमच्या धंद्याची विद्या कामाला आली. मशीन बघतं ते बॉल सुटतानाचं, पहिल्या फूट-दीड फुटातला वेग आणि दिशा, पुढचं सगळं कॉम्प्युटर मनानं काढतो. त्यामुळं पुढं दहा फूट मखमल अंथरली आणि बॉलच्या पुढ्यातच टर्फचा जॉईंट आला तर काय उपयोग, बॉल तिथं टणकन उडतो आणि मशीनला वाटतं ह्यानं चिप (थोडा उचलून मारलेला छोटा फटका) मारला. जॉईंट बॉलच्या मागं घ्या, समोर नको. पाईल, म्हणजे टर्फचे उभे धागे, आखूड आणि दाट पाहिजे, आणि तिचा कल बघा, हात फिरवला की एका बाजूला गुळगुळीत आणि उलट बाजूला खरखरीत लागतो, गुळगुळीत बाजू स्क्रीनकडं करायची, नाहीतर बॉल अडखळतो. मैदानातल्या ग्रीनचा (भोकाभोवतीच्या आखूड गवताच्या जागेचा) वेग मोजायला स्टिम्पमीटर नावाची साधी खाचेची पट्टी असते, 36 इंचाची, एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या अमेरिकन माणसानं 1935 साली काढली. एक टोक हळूहळू उचलायचं, साधारण 20 अंशाला बॉल आपोआप सुटतो आणि किती फूट गेला तो वेग. सुतारानं अॅल्युमिनियमच्या चॅनेलची तशी एक करून दिली, बॉल दोन्ही बाजूंनी सोडून सरासरी काढायची आणि सॉफ्टवेअरमध्ये तोच आकडा टाकायचा, मग हाताला आणि स्क्रीनला एकच गोष्ट कळते. रडारवाल्या मशीनला हळू जाणारा बॉल पकडायला जड जातं, ते आधी माहीत असलेलं बरं.

सुताचं म्हणाल तर मारायच्या पट्टीला नायलॉन घ्या. पॉलीप्रॉपिलीन स्वस्त पडतं पण क्लब घासून गरम झाला की ते वितळतं आणि क्लबच्या तळाला हिरवे डाग बसतात, दुकानदार हे सांगत नाही. पटिंगला पॉलीप्रॉपिलीन चालतं, तिथं घासणं नाही. आणि आपला उन्हाळा धरूनच सगळं करा. मे महिन्यात बाहेर 42-43 आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त, तिथं ते रंगीत जोडाजोडीचे फोमचे तुकडे आक्रसतात, मधे फटी पडतात, फटीवर टर्फ बसतो आणि झाली तुमची ग्रीन खड्ड्यांची. म्हणून फोम नको, दाट रबर. टर्फचा रोल आणला की लगेच चिकटवू नका, एक-दोन दिवस उन्हाळ्याच्या त्या गरम खोलीतच उलगडून पडू द्या, मग कापा.

खरं भोक पाहिजे असेल तर माप 108 मिली रुंद आणि खोली कमीत कमी चार इंच, म्हणजे जवळजवळ संडासाच्या 110च्या पाईपाएवढं. 40 मिलीच्या जमिनीत ते बसत नाही. तळमजल्याला, खाली माती असेल तर कोअर कटर आणून पाडा, पण वरच्या मजल्यावर स्लॅबला हात लावू नका, सळई तुटेल आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या ताटात बॉल पडेल ते वेगळंच. तिथं नुसतं वर्तुळ रंगवलं तरी सराव होतो.

स्क्रीनपर्यंत सगळा टर्फ न्या, उघडी फरशी ठेवू नका. स्क्रीनला लागून पडलेला बॉल फरशीवर आपटला की उसळून परत तुमच्याकडंच येतो, टर्फवर पडला की तिथंच मरतो.

पुढच्या पुरवणीत ह्यावर लिहिणार असाल तर एक विनंती, जाडीची सगळी मापं मिलीतच द्या. अर्धी इंचात आणि अर्धी मिलीत आली की सुताराचं आणि माझं भांडण ठरलेलं.

आपला नियमित वाचक,
साखर पेठ, सोलापूर